मुठीत शिजलेल्या अक्षता

"फेटा काढ."

बापूसाहेब माईकवर म्हणाले. माईक माझाच होता. माझ्या हातातून काढून घेतलेला.

नारायणगावच्या बाहेर रस्त्याला लागून असलेलं लॉन. भर उन्हाळ्यातलं लग्न. नवरा पाटावर उभा, नवरी पाटावर उभी, मधे अंतरपाट. समोर हजारभर माणूस मुठीत अक्षता धरून. गुरुजींनी घसा खाकरून ठेवलेला. अशा वेळी आमच्या भागातले मोठे पुढारी बापूसाहेब पुढच्या सोफ्यावरून उठले, स्टेजवर आले आणि त्यांनी माझ्याकडून माईक घेतला. मला वाटलं, आशीर्वाद द्यायचा राहिला असेल. मी अदबीनं मागं सरकलो. तीसेक वर्षांची सवय.

"मंडळी, ह्यो आपला निवेदक," ते म्हणाले. "आपल्या लग्नात जेवतो, आपला फेटा बांधतो, आन् आपल्याच लग्नाची टिंगल करून गाणी काढतो. फेटा काढ. मानाचा असतोय तो. तुमच्यात असतोय का?"

मी काढला. लगेच काढला. त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून मी काहीतरी खणखणीत बोललो, असं लिहायला मला आवडलं असतं. पण नाही. हात आपोआप वर गेला. टोपीसारखा अलगद उचलला असता तर फेटा नीट निघालाही असता. मला घाई. पाठीवर सोडलेला शेमला हाताला लागला, मी तोच ओढला, आणि फेटा उलगडत गेला. गळ्यात, पोटावर, माईकच्या स्टँडला. आधीच माझं पोट मोठं, त्याला गुलाबी कापडाचे वेढे. डोक्यावरचा कलप घामानं कानशिलावर ओघळलेला. लोक हसले. पुढचे हसले म्हणून मागचे हसले. हसण्यासारखं होतंच. मी खुर्चीत असतो तर मीही हसलो असतो, हे मला आजही टोचतं.

"आता म्हण."

"काय म्हणू साहेब?"

"चुकलं म्हण."

"चुकलं साहेब."

माझा आवाज चांगला आहे. स्पीकरवर तो पार मागच्या आचाऱ्यांपर्यंत गेला. बापूसाहेबांनी माईक माझ्याकडे न देता खुर्चीवर ठेवला. मी खाली उतरलो. वर मंगलाष्टकं सुरू झाली. मी जनरेटरच्या मागं उभा राहून त्या फेट्याची घडी घालत होतो. घडी काही येईना. आणि तो परत द्यायचा तर कुणाला द्यायचा, तेही कळेना.

त्या प्रसंगाची क्लिप अख्ख्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात फिरली. माझ्या अल्बमला आयुष्यात मिळाली नव्हती एवढी माणसं तिला मिळाली.

आता अल्बमचं सांगतो.

मी जुन्नरचा. आमची आळी जुन्या कागद बनवणाऱ्या मुसलमानांची. कागद कधीच बंद पडला. आता आळीत कुणाचं गॅरेज, कुणाचं बांगड्यांचं दुकान. माझा मात्र आवाज. शेजारच्या घरच्या लग्नात एकदा निवेदकाचा घसा बसला, आणि नवरीच्या वडलांनी मला ओढून माईकसमोर उभं केलं. तेव्हापासून मी लग्नं बोलतोय. 'बोलतोय' असंच म्हणतात आमच्या धंद्यात. मंगलाष्टकं गुरुजींची. बाकी सगळं माझं. येणाऱ्याचं स्वागत, मानपान, सत्कार, मधे एखादं गाणं.

आमच्याकडच्या लग्नात निवेदकाचं खरं काम नावं घेणं. कोण आलं ते गाडीवरून ओळखायचं, मागं माणसं किती चालतात त्यावरून नंबर ठरवायचा, आणि नाव असं घ्यायचं की स्टेजकडे येताना त्या माणसाची चाल बदलली पाहिजे. याचं एक शास्त्र आहे. पडलेल्या सरपंचाला कधी 'माजी' म्हणायचं नाही, नुसतं 'सरपंच' म्हणायचं. जो कुणीच नाही त्याला 'भावी' म्हणायचं. एकाच भावकीतले दोन तट आले तर दोघांची नावं एका श्वासात घ्यायची, म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण, हे कुणाला मोजता येत नाही. नाव राहिलं तर लग्न मोडत नाही, पण माणूस न जेवता जातो, आणि त्याचं खापर निवेदकावर. या शास्त्रात मी पंडित होतो. घरी मात्र माझं कुणी ऐकत नाही. बायको रुक्साना म्हणते, "घरात ऐकत न्हाईत, म्हणून तुमी माईक घेतलाय." घरात आम्ही निम्मं दखनी, निम्मं मराठी बोलतो, इथं सगळं मराठीतच लिहितो, नाहीतर तिला वाटेल मी तिच्या शिव्या छापल्या.

नावं घेता घेता गाणी सुचायला लागली. उभ्या उभ्या. एखादे साहेब 'दोन शब्द' बोलायला उभे राहिले की मला निवांत वेळ मिळायचा, आणि दोन शब्दांत माझी दोन कडवी व्हायची. निरगुडसरचा दत्तू माझ्याबरोबर कीबोर्ड वाजवायचा. त्यानं पोल्ट्रीवाल्याकडून अंड्यांचे रिकामे ट्रे आणून घराच्या एका खोलीच्या भिंतींना चिकटवले होते. त्याला तो स्टुडिओ म्हणायचा. तिथं आम्ही सहा गाणी रेकॉर्ड केली. अल्बमचं नाव 'उपस्थित मान्यवर'. माझी मुलगी सना फार्मसी शिकते, तिनं चॅनेल काढून दिलं. फोटोसाठी मी जाकीट घातलं. सना म्हणाली, "अब्बा, पोट आत." मी म्हणालो, "आत गेलं असतं तर मी गायक झालो असतो, निवेदक नाही."

गाणी थट्टेची होती. एक सत्काराच्या शालीचं. ही शाल एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरते. पिशवी तशीच राहते, शाल बाहेर येतच नाही. ती शाल म्हणते:

चार खांद्यांवर मिरवून आले, ऊब कुणाला दिली नाही,
घडीसुद्धा मोडली नाही, पिशवी माझी सुटली नाही.

एक गाणं शेळीचं. बिबट्याला पकडायला वनखातं पिंजरा लावतं, त्यात आमिष म्हणून शेळी बांधतं. आमच्याकडे हे बिबट्याइतकंच रोजचं. शेळी विचारते, बिबट्यानं गुन्हा केला, तर आत मी का?

आणि एक 'दोन शब्द' नावाचं. सगळा घोळ त्याच्यावरून झाला.

मुठीत अक्षता घामानं शिजल्या,
भाषणं ऐकून करवल्या निजल्या,
साहेब म्हणाले, दोनच शब्द,
नवरानवरी पाटावर स्तब्ध.

बस. कुणाचं नाव नाही. गाव नाही. पक्ष नाही. सहाही गाण्यांत एक नाव शोधून दाखवा. आयुष्यभर नावं घेऊन घेऊन कंटाळलो होतो, म्हणून गाण्यात घेतली नाहीत, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे भीत होतो. नाव नसलं की आपण सुटलो, असं वाटायचं. आणि तिथंच फसलो. ज्या भागात नाव राहिलं की माणूस रुसतो, तिथं नाव नसलेलं गाणं म्हणजे रिकामी खुर्ची. जो तो तीत आपापला माणूस बसवणार. नाहीतर दुसऱ्यानं आपल्याला बसवलंय असं समजणार.

लॉनवरच्या त्या दुपारनंतर माझी लग्नं तुटायला लागली. म्हणजे ठरलेल्या तारखा. निमगाव साव्याच्या एका पाव्हण्यांचा फोन आला. म्हणाले, "पाव्हणं, आमचं काय न्हाई वो. पर बापूसाहेब यायचेत लग्नाला." एकानं सांगितलं, लग्न साधंच करायचं ठरलंय, निवेदक नकोच. त्या लग्नाला मी नव्हतो, पण दुसरा निवेदक होता, हे मला त्याच्याच स्टेटसवर दिसलं.

आणि मला संशयानं धरलं.

गाणं बापूसाहेबांपर्यंत पोचलंच कसं? अल्बम ऐकणारी माणसं किती ते सना सांगायची, आणि त्यातली निम्मी आमच्या आळीतली होती. कुणीतरी मुद्दाम नेऊन दाखवलं. कुणी? दुसऱ्या निवेदकानं? त्याला माझ्या तारखा मिळाल्या. रुक्सानाच्या भावानं? त्याच्या गॅरेजात बापूसाहेबांच्या ट्रॅक्टरचं काम यायचं. की दत्तूनं? दत्तू त्या दिवशी स्टेजवर माझ्या बाजूला बसला होता. फेटा निघाला तेव्हा त्यानं कीबोर्डकडे पाहिलं, ते वर पाहिलंच नाही. त्याला आधीच माहीत होतं का?

चहाला गेलो की टपरीवर कुणी मोबाईलकडे बघून हसलं तरी मला वाटायचं, माझीच क्लिप. कुणी "काका, बसा की" म्हणालं की वाटायचं, हा एवढा गोड का बोलतोय? कुणी बोललं नाही तर वाटायचं, हा पण त्यातलाच. घरी सना मोबाईल पालथा ठेवायची. का पालथा? मी तिला विचारलंही. ती म्हणाली, "अब्बा, चार्ज कमी आहे." मला वाटलं, ती मला वाचवतेय. मग वाटलं, मला वाचवण्यासारखं अजून काय आलंय त्याच्यात?

एके दिवशी रुक्साना भाकरी थापता थापता म्हणाली, "माझ्यावर पण संशय घ्या. मी एकटीच राहिले. मला पण जरा मान द्या."

 तो तर मी घेतलाच होता. तिनं माहेरच्या ग्रुपवर गाणी टाकली होती.

मग गोष्टीनं रंग बदलला. आधी लोक म्हणत होते, यानं बापूसाहेबांवर गाणं केलं. पण यात बापूसाहेबांची पंचाईत. 'ते गाणं माझ्यावर आहे' असं कबूल करायचं, म्हणजे मी लांबलचक बोलतो, लोकांना ताटकळत ठेवतो, हेही कबूल करायचं. त्यामुळे बापूसाहेब नावाचा माणूस गाण्यातून हळूच बाहेर निघाला आणि त्याच्या जागी धर्म आला. त्यांच्या पुतण्यानं एक लांब मजकूर सगळ्या ग्रुपवर टाकला. त्याचा अर्थ एवढाच: अक्षता पवित्र असतात, त्या 'शिजल्या' असं म्हणणारा कोण, हे बघा. नाव बघा त्याचं. आळी बघा.

हा पुतण्या रस्त्यावरच्या बोर्डांवर असतो. मीच कितीतरी लग्नांत त्याला 'भावी' म्हटलंय.

त्यानंतर हसणं थांबलं. हसत होते तोवर बरं होतं, हे मला तेव्हा कळलं. आमच्या आळीतले एक बुजुर्ग घरी आले. बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "तू त्यांच्या लग्नात कशाला नाक खुपसलंस? आता हात जोड आणि मोकळा हो. तुझ्यापायी सगळ्या आळीनं खाली बघून चालायचं का?" मी म्हणालो, "चाचा, ही तीस वर्षं मी त्यांच्याच लग्नांत होतो." ते म्हणाले, "तेच तर म्हणतोय."

म्हणजे तिकडच्यांना मी घुसलेला, आणि इकडच्यांना मी गेलेला.

मग दत्तू आला. त्याच्याही तारखा तुटल्या होत्या. घरात दोन म्हातारी माणसं, कीबोर्डचे हप्ते. त्यानं बापूसाहेबांशी बोलून ठेवलं होतं.

"मिटतंय," तो म्हणाला. "लई ताणलं न्हाई साहेबांनी. गाणं काढून टाकायचं, आन् एक व्हिडिओ करायचा. माफीचा. बास. सायबांच्या नातीचं लग्न हाय, त्याचं निवेदन तुलाच. ते सोताच्या हातानं फेटा बांधणार म्हन्ले."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मला वाजवायचंय."

मी हो म्हणालो. अगदी खरं सांगतो, मला आनंद झाला. मी मनात सुरुवातीची वाक्यंसुद्धा जुळवली. माझ्या माफीचं निवेदन मीच करणार, तर ते निदान चांगलं व्हावं. इतका मी निवेदक.

बापूसाहेबांकडे जायच्या आदल्या दिवशी मी स्कूटर धुवायला घोडेगाव रस्त्याच्या वॉशिंग सेंटरला गेलो. मळक्या स्कूटरवरून साहेबांच्या दारात नको, असं वाटलं. तिथं बापूसाहेबांची पांढरी गाडी धुवायला आली होती, आणि तिचा ड्रायव्हर संजू बाजूला उभा होता. मला बघून त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि जवळ आला. मला वाटलं, झालं, आता हाही काहीतरी ऐकवणार.

"काका, राग मानू नगा. पर तुमचं गाणं मला लई आवडतं."

मी म्हणालो, "कुणी पाठवलं तुला?"

"कुणी न्हाई वो. गाडीत रोज लागायचं ते."

"कुठल्या गाडीत?"

त्यानं समोरच्या गाडीकडे मान केली.

मग तो सांगत गेला. गाणं कुणी नेऊन दाखवलं नव्हतं. बापूसाहेबांना ते त्यांच्याच कुणा मित्रानं हौसेनं पाठवलं होतं. ते त्यांना भारी आवडलं. आंबेगावात त्यांचे एक जुने वैरी आहेत, लांब भाषणांबद्दल प्रसिद्ध. बापूसाहेबांना वाटलं, गाणं त्यांच्यावर आहे. शिनोलीला जाताना, पुण्याला जाताना, गाडीत तेच. "मांडीवर ताल धरायचे," संजू म्हणाला. "शेजारी कोन बसलं की म्हणायचे, ऐक, कसा सोलून काढलाय त्याला. अक्षता शिजल्या म्हन्तोय बघ, अक्षता! आन् मोठ्यानं हसायचे. दोन-अडीच महिने, काका. माझं पाठ झालंय समदं."

"मग?"

"मग एका दशक्रियेला गेलो व्हतो. सायेब बोलायला उभं ऱ्हायलं. तर मागनं कुनीतरी म्हन्लं, 'सायेब, दोनच शब्द!' आन् घाटावरची समदी मानसं फिसकन हसली. दहाव्याला, काका. नदीवर. मयताच्या घरचं सुदीक हसलं." संजूला आत्ताही हसू आलं, आणि त्यानं ते गिळलं. "गाडीत बसल्यावर म्या नेहमीसारखं गाणं लावलं. तर म्हन्ले, बंद कर ते."

गाडीवर पाण्याचा फवारा सुरू होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

म्हणजे दत्तू नव्हता. मेव्हणा नव्हता. दुसरा निवेदक नव्हता. रुक्साना तर नव्हतीच. महिनाभर मी माझ्याच माणसांना एकेक करून आरोपी केलं होतं, आणि तेवढा वेळ बापूसाहेबांबद्दल मला कसलाच संशय आला नव्हता. ते दुखावले आहेत, हे मी धरूनच चाललो होतो. मोठ्या माणसाचं दुखणं आपण तपासत नाही. लगेच खरं मानतो. आपल्या माणसाचं मात्र चार्जिंगसुद्धा तपासतो.

"काका," संजू म्हणाला, "माझं नाव मातर घिऊ नगा. नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि दत्तू बापूसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. पोर्चमध्ये पुतण्यानं तयारी करून ठेवली होती. तीन पायांच्या स्टँडवर मोबाईल, त्याच्याभोवती गोल दिवा. उन्हात दिवा कशाला, ते मला कळलं नाही. बापूसाहेब वेताच्या खुर्चीत. खाली सतरंजी.

"बसा काका," पुतण्या म्हणाला. "खाली."

मी बसलो. माझा उजवा गुडघा वाजतो, तो वाजला. संजू पलीकडे गाडीची काच पुसत होता.

"हात जोडा. हां. जरा वर. दिव्याकडं बघा."

मी हात जोडले. दिव्याकडे पाहिलं. इथवर मी सगळं केलं. मनाशी म्हटलं, हे नाटक आहे, गिऱ्हाइकाचं काम आहे, बोलून मोकळा हो. नातीचं लग्न आहे. तारखा परत येतील.

"आता मी सांगतो तसं म्हणायचं," पुतण्या म्हणाला. "'मी मुसलमान असून हिंदूंच्या पवित्र विवाहविधीची टिंगल केली, याबद्दल मी समस्त समाजाची माफी मागतो.' म्हणा."

मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

"म्हणा की."

"मी मुसलमान आहे, हे गाण्यात कुठं आलंय?" मी विचारलं.

"गाण्यात न्हाई आलं. पर तुमी हाय का न्हाई?"

"आहे की."

"मग म्हणायला काय झालं?"

बापूसाहेब तोवर बोलले नव्हते. ते मऊ आवाजात म्हणाले, "खरं तेच तर म्हणायचंय. लाज वाटती का त्याची?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी लग्नांत मी या माणसाचं नाव घेतलं होतं. आदरणीय म्हटलं. विकासपुरुष म्हटलं. गोरगरिबांचे कैवारी म्हटलं. एकदा उन्हात शब्द संपले तेव्हा 'चालतंबोलतं विद्यापीठ' म्हटलं. नावाच्या आधी एक शब्द लावला की माणूस केवढा होतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आणि आज इतक्या वर्षांनी या माणसानं माझ्या नावाआधी पहिल्यांदा एक शब्द लावला होता. तो शब्द माझाच होता. माझ्या अब्बांचा, अम्मीचा. मला त्याची लाज कधीच वाटली नव्हती. पण तो गुन्हा म्हणून माझ्याच तोंडानं वदवून घ्यायचा होता. गाणं निमित्त होतं. गाण्याची माफी त्यांना नकोच होती. मी जो आहे त्याची माफी हवी होती.

आणि माझ्या जिभेवर एक वाक्य आलं. तयार, धारदार. 'साहेब, तुमच्या गाडीत दोन महिने ते गाणं वाजलं, तेव्हा मी मुसलमान नव्हतो का?'

पलीकडे संजू काचेची तीच जागा पुसत होता. कधीपासून तीच.

ते वाक्य मी गिळलं. बोललो असतो तर बापूसाहेबांचं तोंड उतरलं असतं, आणि संध्याकाळी संजूच्या हातात किल्ली राहिली नसती. ते इथं लिहितोय ते त्यालाच विचारून. आता तो तिथं नाही. स्वतःचा टोमॅटोचा पिकअप चालवतो. "आता लिवा काका, बिनघोर लिवा," म्हणाला.

त्या दिवशी माझ्याजवळ पुरावा होता आणि तो वापरता येत नव्हता. मग उरलं काय? नुसतं 'नाही'. कुठलंही कारण न लावलेलं. निवेदकाला याची सवय नसते.

"हे मी म्हणणार नाही."

"मग कसं म्हणणार? थोडं बदलून म्हणायचंय का?" पुतण्यानं विचारलं. त्याला अजून वाटत होतं, शब्दांचा प्रश्न आहे.

"कसंच नाही."

दत्तूनं माझ्या दंडाला हात लावला. "आरं, मिटतंय..."

"मोबाईल चालू आहे ना?" मी पुतण्याला विचारलं. चालू होता. मी हात सोडले, मांडीवर ठेवले, आणि दिव्याकडे न बघता बापूसाहेबांकडे बघत म्हणालो, "लॉनवर मी 'चुकलं' म्हणालो होतो. ते मी मागं घेतो. माझं काही चुकलेलं नाही. अक्षता शिजतात. मी बघितल्यात."

बापूसाहेब उठले. "लई झालं," एवढंच म्हणाले. "दोनच शब्द," असं कुणी म्हणालं नाही, पण मला वाटतं ते तिथल्या सगळ्यांच्या मनात आलं असणार. निदान संजूच्या तरी.

मी उठायला गेलो तर गुडघ्यानं दगा दिला. बंडखोर माणसानं ताडकन उठून निघून जावं. मी आधी ओणवा झालो, मग खांब धरला, मग उभा राहिलो. दत्तूनं हात दिला नाही. तो सतरंजीच्या कडेला तसाच बसून राहिला. मी फाटकापर्यंत गेलो तेव्हा मागून त्याचा आवाज ऐकू आला. दिव्यासमोरचा. "मी फक्त वाजवलंय. शब्द माझे न्हाईत."

ती क्लिप फिरली. दत्तूची. माझी फिरली नाही. मी 'चुकलं' मागं घेतलं, ते त्यांच्या मोबाईलमध्ये होतं आणि तिथंच पुसलं गेलं. लोकांकडे आजही तोच मी आहे, गुलाबी कापडात गुंडाळलेला, 'चुकलं साहेब' म्हणणारा. म्हणून हे लिहितोय. दुसरं कारण नाही.

दत्तू आता दुसऱ्या निवेदकाबरोबर वाजवतो. भेटला की टोमॅटोच्या भावाबद्दल बोलतो. राग नाही म्हणालो तर खोटं होईल. त्याच्या घरची दोन म्हातारी माणसं आठवतात, तेव्हा राग थोडा खाली बसतो, परत उठतो.

घरी येऊन सांगितलं तेव्हा रुक्सानानं आधी तवा उतरवला. मग म्हणाली, "आता पोट कसं भरायचं, त्याचं पण एक गाणं करा." तिचं बरोबर होतं. मी आता जाहिराती बोलतो. साड्यांचा सेल, बियाणं, हरवलेली म्हैस. भंगारवाल्याच्या टेम्पोवर 'जुनं-पानं, मोडकं-तोडकं' ओरडतो तो आवाज माझा आहे. हसा, मीही हसतो.

परवा शिनोलीहून एकांचा फोन आला. मुलीचं लग्न. आवाज ओशाळलेला.

"पाव्हणं, तुमीच पायजे. पोरीचा हट्ट हाय. फकस्त येक... ते गानं काढून टाकलंय ना?"

"नाही."

"काढनार हाय का?"

"नाही."

"मग जरा अवघड हाय, भाऊ."

"हो," मी म्हणालो. "अवघड आहे. पोरीला माझे आशीर्वाद सांगा."

रुक्साना आणि सना दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी फोन ठेवला आणि त्यांना तिथंच सांगितलं, आता तुम्हालाही सांगतो. गाणं तिथंच राहील. सहाही गाणी राहतील. सातवं लिहायला घेतलंय, आणि त्यात साहेबांचं नाव आहे. खरं नाव, पूर्ण, बापाच्या नावासकट. आधी कुठलंही विशेषण न लावता. त्याचं काय व्हायचं ते होईल. माफी मी मागणार नाही. या लग्नसराईत नाही, पुढच्या नाही. आजारी पडलो आणि कुणी उशाशी येऊन म्हणालं, आता तरी मिटवून टाक, तरी नाही. आणि मी गेल्यावर आळीतल्या कुणी, जमातीतल्या कुणी, माझ्या घरातल्या कुणी माझ्या वतीनं हात जोडले, तर ते त्याचे हात. माझे नव्हेत.